रक्त पिणारा तो कोण?

एका गमतीच्या गोष्टीतून निघालेला विज्ञानाचा तास

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास विज्ञानाचा असला की काय होते, ते शिक्षकांना सांगायला नको. मुलांचे कान घंटेकडे आणि डोळे खिडकीबाहेर. परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत अशाच एका तासाला सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, काल गावातल्या बारवेतली वाघळं धूर करून हाकलली. लई होती. रक्त पितात ना ती!" वर्गाने माना डोलावल्या. रक्त पिताना कोणी पाहिले आहे का, असे विचारले तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. पाहिले कोणीच नव्हते, पण माहीत सर्वांना होते.

त्या दिवशी वर्गातली एक मुलगी गैरहजर होती. ती पंधरा दिवसांपासून येत नव्हती. तिला डेंग्यू झाला होता. तिचा आजार आणि रक्त पिणे यांचा काही संबंध आहे, हे वर्गात कोणाच्याही लक्षात आले नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्याही आले नाही.

'आपल्याकडची वटवाघळे रक्त पीत नाहीत' असे वाक्य फळ्यावर लिहून विषय संपवता आला असता. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले असते आणि मनात मात्र आधीचेच ठेवले असते. म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही उपदेशाऐवजी एक गोष्ट सांगितली. गोष्ट आम्हीच रचलेली होती. तिचा सारांश असा:

काउंट रात्रोजीराव नावाचा एक रक्तपिपासू होता. त्याचे मूळ गाव दूर कार्पेथियन पर्वतात. तिकडे थंडी फार, म्हणून हवापालटासाठी तो निघाला आणि मनमाडहून रात्रीच्या गाडीने उजाडायच्या आत परभणी स्टेशनवर उतरला. दिवस मे महिन्याचे. ऊन लागले की राख होते, असा त्यांच्या जातीचा नियम. बिचारा दिवसभर एका पडक्या वाड्याच्या बळदात घामाघूम होऊन बसला. दुसरा नियम असा, की घरच्यांनी 'या' म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. हा नियम आपल्याकडे फारसा आड येत नाही. पहिल्याच घरी आजीबाई म्हणाल्या, "या पाव्हणं, बसा. लांबून आलेले दिसता." काउंट हरखला. पण आजींनी पुढे ठेवली ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा! लसूण म्हणजे तर रक्तपिपासूचे विष. दुसऱ्या घरी शेंगदाण्याची चटणी निघाली, तिच्यातही लसूण. तिसऱ्या घरी पिठल्याला लसणाची फोडणी. चौथ्या रात्री अंगणात बाजेवर झोपलेला एक माणूस दिसला. काउंट वाकला, तोच कानाशी गुणगुण ऐकू आली. "पाव्हणं, रांगेत या," एक डासीण म्हणाली, "आम्ही संध्याकाळपासून थांबलोय." पाहता पाहता डासांनी काउंटलाच फोडून काढले. त्याला हुडहुडी भरून ताप आला. शेवटी तो रात्रीच सरकारी दवाखान्यात गेला आणि म्हणाला, "डॉक्टर, माझंच रक्त तपासा!"

मुले पोट धरून हसली. हसून झाल्यावर प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहायचा, असे ठरले. या गोष्टीतले काय खरे असू शकेल, काय असणार नाही, आणि ते कसे ठरवायचे? त्या चिठ्ठ्यांनी आम्हांला चार शनिवार पुरवले. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांच्या मागे आम्ही कुठवर गेलो, ते येथे मांडत आहोत.

नुसत्या रक्तावर जगता येईल का?

हा प्रश्न वरवर विनोदी वाटतो, पण त्यात आहारशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. रक्तात सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिनेच मुख्य. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन आणि रक्तद्रवातील इतर प्रथिने मिळून एका लिटरला १९० ग्रॅमच्या आसपास भरतात. साखर लिटरमागे जेमतेम एक ग्रॅम. स्निग्ध पदार्थही थोडेच. एक ग्रॅम प्रथिनापासून साधारण ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. म्हणजे लिटरभर रक्तातून ८०० किलोकॅलरी मिळाल्या तर पुष्कळ. प्रौढ माणसाला दिवसाला २,००० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर काउंटला रोज अडीच लिटर रक्त हवे. माणसाच्या अंगात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास असते. म्हणजे दर दोन रात्रींना एक माणूस पुरता रिकामा!

अडचण एवढ्यावर संपत नाही. अडीच लिटर रक्ताबरोबर दोन लिटर पाणी पोटात जाते. ते टाकून दिल्याशिवाय काउंटला उडता येणार नाही. इतक्या प्रथिनांच्या पचनातून तयार होणारा युरिया मूत्रपिंडांना उपसावा लागेल. शिवाय लिटरभर रक्तात सुमारे ५०० मिलिग्रॅम लोह असते. आपल्या रोजच्या आहारातून आपल्याला लागते ते वीस-तीस मिलिग्रॅम. एवढे जादा लोह यकृताला आणि हृदयाला घातक ठरेल.

मग फक्त रक्तावर जगणारा सस्तन प्राणी आहे तरी का? आहे. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणाऱ्या वटवाघळांच्या तीन जाती रक्तावरच जगतात. जगात वटवाघळांच्या चौदाशेच्या वर जाती आहेत. त्यांतल्या या अवघ्या तीन. त्यांतील सर्वांत परिचित जातीचे प्राणी वजनाने तीस-चाळीस ग्रॅमचे, म्हणजे आपल्या लिंबाएवढे. वर काढलेल्या प्रत्येक अडचणीला त्यांच्या शरीरात उत्तर सापडते. एका बैठकीत ते आपल्या वजनाच्या निम्म्याएवढे रक्त पितात आणि पिता पिताच, काही मिनिटांत, लघवीवाटे पाणी टाकू लागतात. नाकाजवळच्या खास जागांनी त्यांना उष्णता जाणवते. त्यामुळे गुराच्या कातडीखाली रक्तवाहिनी कोठे जवळ आहे, हे अंधारातही कळते. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. संशोधकांनी त्याला गमतीने 'ड्रॅक्युलिन' असे नाव दिले आहे.

सर्वांत हृद्य गोष्ट वेगळीच आहे. या प्राण्याला दोन-तीन रात्री उपास घडला तर तो मरतो. जेराल्ड विल्किन्सन या संशोधकाने कोस्टारिकात निरीक्षणे करून १९८४ मध्ये दाखवून दिले, की ज्याला रक्त मिळाले नाही त्याला ढोलीतले सोबती आपल्या पोटातले रक्त ओकून भरवतात. त्यात केवळ नातेवाईकच नसतात, तर नेहमीचे शेजारीही असतात. रक्तपिपासू म्हणून जगभर बदनाम झालेला हा प्राणी उसनवारी पाळतो, हे ऐकून वर्ग काही क्षण शांत झाला होता.

वाघळाला हे नाव कोणी चिकटवले?

पुढची चिठ्ठी त्याच मुलाची होती: "मग आपल्या बारवेतली वाघळं काय खातात?"

आपल्याकडे रक्तावर जगणारे एकही वटवाघूळ नाही. चिंच, वड, पिंपळ अशा मोठ्या झाडांवर दिवसा उलटी लटकलेली मोठी वाघळे फळे आणि फुलांतला मध खातात. वड-उंबराच्या बिया ती दूरवर टाकतात. घरांच्या फटींत, जुन्या देवळांत राहणारी लहान वाघळे किडे खातात. एका रात्रीत ती आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत किडे फस्त करू शकतात, आणि त्यांत पिकांवर अंडी घालणारे पतंगही असतात. कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्याला ही चाकरी परवडणारी आहे.

जुन्या बारवा, पडके वाडे, चारठाण्यासारख्या गावांत आढळतात तशी दगडी देवळे अशा ठिकाणी राहायला आवडणारी आणखी एक जात भारतभर आहे. तिचे कान मोठे आणि कपाळावर जोडलेले असतात, नाकावर पानासारखा पडदा असतो आणि शेपूट नसते. ती मोठे किडे, बेडूक, पाली, उंदीर आणि कधीमधी लहान पक्षी पकडून खाते. अंधारात भक्ष्याच्या पाचोळ्यातील सळसळीवरून ती नेमकी झेप घेते. रक्त मात्र पीत नाही. तरी तिचे इंग्रजीतील नाव 'फॉल्स व्हॅम्पायर', म्हणजे 'तोतया रक्तपिपासू'! जिने कधी सोंग घेतलेच नाही, तिला तोतया ठरवण्याचा हा प्रकार आहे.

नावांचा हा घोळ फार जुना आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५८ मध्ये एका वटवाघळाला 'व्हॅम्पायरस' हे नाव दिले. ती जात आग्नेय आशियातील, निव्वळ फळे आणि मध खाणारी! दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या जातीलाही असेच नाव मिळाले. तीही रक्त पीत नाही. आणि जी खरोखर रक्त पिते, तिच्या 'डेस्मोडस' या शास्त्रीय नावात रक्ताचा उल्लेखच नाही. त्या शब्दाचा अर्थ जुडीसारखे दात असणारी, एवढाच. म्हणजे रक्तपिपासूची कथा वटवाघळावरून तयार झाली नाही. कथा आधी होती. वटवाघूळ तिच्यात नंतर ओढले गेले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वाघूळ निरपराध आहे याचा अर्थ ते हाताळावे असा नाही. काही वटवाघळांत निपाहसारखे विषाणू आढळतात. केरळमध्ये २०१८ साली कोझिकोडला त्याची साथ येऊन गेली. वाघळाने अर्धवट खाल्लेले फळ खाऊ नये, मेलेले किंवा जखमी वाघूळ हाताने उचलू नये. त्यांना त्यांच्या जागी राहू देणे, हेच त्यांच्या आणि आपल्या हिताचे. धूर केल्याने घाबरलेली वाघळे गावभर विखुरतात आणि घराघरांत शिरतात. आपल्या कायद्यातही हा बदल दिसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वाघळे कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली.

एकाचे दोन, दोनाचे चार

"चावलेला माणूस रक्तपिपासू होतो, तर काउंटने आतापर्यंत सगळ्यांना रक्तपिपासू का केले नाही?" हा प्रश्न वर्गात सर्वांत मागे बसणाऱ्या मुलाचा. त्याला फळ्याजवळ बोलावले.

समजा, एका महिन्यात एक रक्तपिपासू एकाच माणसाला चावतो. पहिल्या महिन्याअखेर दोन होतील, दुसऱ्याअखेर चार, तिसऱ्याअखेर आठ. दहा महिन्यांनी १,०२४. वर्ग म्हणाला, "एवढेच?" वीस महिन्यांनी संख्या होते १०,४८,५७६ आणि एकविसाव्या महिन्याला २०,९७,१५२. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ लाख ३६ हजार. म्हणजे पावणेदोन वर्षांत जिल्हा संपला! तेहतिसाव्या महिन्याला हा आकडा ८,५८,९९,३४,५९२ होतो, म्हणजे जगाच्या सध्याच्या लोकसंख्येहून अधिक. पावणेतीन वर्षांत पृथ्वीवर चावायला कोणी उरत नाही.

आपण तर येथे बसलो आहोत. तेव्हा सुरुवातीचे गृहीत चुकीचे असले पाहिजे. भूमितीत आपण जिला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतो, ती ही. अमेरिकेतील दोन भौतिकशास्त्रज्ञांनी काही वर्षांपूर्वी असाच हिशेब करून दाखवला होता. आमच्या मुलांनी त्याच्यावर आक्षेपही घेतले. "काही जण पळून जातील." "लसूण खाणारे वाचतील." आक्षेप अगदी योग्य होते. खऱ्या साथीत तेच घडते. सुरुवातीला दुपटीचा वेग असतो; पुढे बाधित न झालेली माणसे कमी होत जातात, काही जण सुरक्षित झालेले असतात, आणि वेग मंदावतो. लस घेतलेला माणूस म्हणजे या गोष्टीतला लसूण खाल्लेला माणूस! साथीचा आलेख शिकवायला याहून सोपे उदाहरण आम्हांला मिळालेले नाही.

कल्पना आली कुठून?

मोठ्या वर्गांत हा भाग सांगता येईल. युरोपात रक्तपिपासूंची मोठी हाकाटी अठराव्या शतकात झाली. आजच्या सर्बियातील काही खेड्यांत १७२५ आणि १७३२ च्या सुमारास लागोपाठ माणसे दगावली. आधी मेलेला कोणीतरी कबरीतून उठून रक्त पितो, असा बोभाटा झाला. ऑस्ट्रियाच्या सैन्यातील वैद्यांच्या देखत कबरी उकरल्या गेल्या. काही प्रेते कुजलेली नव्हती, पोटे फुगलेली होती, तोंडाशी ताजे वाटणारे रक्त होते, नखे वाढल्यासारखी दिसत होती. वैद्यांनी जे दिसले ते प्रामाणिकपणे नोंदवले आणि तो अहवाल युरोपभर गाजला.

निरीक्षण खरे होते; निष्कर्ष चुकला होता. थंड जमिनीत पुरलेले प्रेत सावकाश कुजते. कुजताना पोटात वायू तयार होतात आणि पोट फुगते. त्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडावाटे बाहेर येतो. कातडी आकसते, म्हणून नखे लांब दिसतात. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्याकडून या प्रकारांची छाननी करवून घेतली. हे सारे नैसर्गिक आहे, असा निर्वाळा त्याने दिला आणि सम्राज्ञीने कबरी उकरण्यावर बंदी घातली.

या साऱ्यात एक प्रश्न राहूनच गेला होता: गावात माणसे कशाने मरत होती? भीतीला एक चेहरा हवा असतो. तो एकदा मिळाला की खऱ्या कारणाचा शोध थांबतो. आपल्याकडेही एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो अशाच अनुभवांतून. बारवेतल्या धुराची आणि या छळाची जात एकच आहे, एवढे मुलांना उमगले तरी पुरे.

१८९७ सालचे दोन रक्तपिपासू

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली ती २६ मे १८९७ रोजी. रात्री वटवाघूळ होऊन उडणारा सरदार तिने जगाला दिला. पुढे चित्रपट आले, आणि मराठीतही नारायण धारपांनी 'लुचाई'मध्ये ही भीती खेड्यात आणून उतरवली. आमच्या मुलांपर्यंत हे रूप पोहोचले ते मुख्यतः पडद्यावरून.

त्याच वर्षी, तीन महिने पुरे व्हायच्या आत, आपल्या फार जवळ दुसरी एक घटना घडली. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यातला जिल्हा होता. त्याच राज्यातील सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर उकाड्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला असे. पंख्याच्या वाऱ्याने डास उडतील म्हणून तो पंखाही वापरत नसे. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला त्याने डास चावून घ्यायला तयार केले होते. दर डासामागे एक आणा मोबदला. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला हिवतापाच्या परोपजीवाच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्याने परोपजीवाचा डासाच्या लाळेपर्यंतचा प्रवास पुरा केला. १९०२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाच वर्षी दोन रक्तपिपासू उजेडात आले. एक उंच, काळ्या झग्यातला, कल्पनेतला. दुसरा मिलिमीटरांत मोजावा लागणारा, खरा. जगाने लक्षात ठेवला तो पहिला. दुसरा मात्र आजही हिवतापाने जगात दरवर्षी सुमारे सहा लाख बळी घेतो.

घरातले आणि पोटातले

डासांत रक्त पिते ती फक्त मादी, आणि तीही पोट भरण्यासाठी नव्हे तर अंड्यांसाठी. एरवी नर-मादी दोघेही फुलांतील मध आणि वनस्पतींचा रस यांवर जगतात. मादी एका वेळी दोन-तीन मिलिग्रॅम रक्त घेते. त्या नुकसानीचे आपल्याला काही वाटणार नाही. खरी भीती तिच्या लाळेबरोबर अंगात जे शिरते त्याची.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. येथे मराठवाड्याची अडचण कळीची ठरते. नळाला अनेक गावांत कित्येक दिवसांनी पाणी येते, म्हणून घरोघरी रांजण, टाक्या, ड्रम भरून ठेवलेले असतात. पाण्याची टंचाईच डासांची सोय करते! अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात. भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे केले की चक्र तुटते. पण नुसते ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन् महिने टिकतात. भिंत घासावी लागते.

आजारी मुलगी शाळेत परत आली तेव्हा मुलांनी तिच्याच घरचा रांजण पाहिला. तळाशी काही नव्हते. पण पाण्याच्या पृष्ठभागाखाली, शेपटीकडची नळी वर लावून, डोके खाली करून, अळ्या लटकत होत्या. "सर, ह्या पण उलट्याच लटकतात!" एक मुलगा ओरडला. बारवेत जे शोधले ते रांजणात सापडले होते.

दुसरा रक्तपिपासू याहूनही जवळचा आहे. रक्तातील लोहाचा हिशेब चालू असताना एका मुलीने विचारले होते, "एवढं लोह रक्तात असतं, तर मला गोळ्या का घ्याव्या लागतात?" तिचे हिमोग्लोबिन कमी भरले होते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. आहारातील लोहाची उणीव हे त्याचे मोठे कारण. पण काहींच्या बाबतीत अंकुशकृमी हेही कारण असते. सेंटीमीटरभर लांबीचा हा कृमी आतड्याच्या अस्तराला तोंडाने पकडून रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एक कृमी दिवसाला ०.१५ मिलिलिटरच्या आसपास रक्त घालवतो. शंभर कृमी असले तर पंधरा मिलिलिटर, म्हणजे रोज तीन चमचे! उघड्यावर शौचाला बसलेल्या जागेच्या ओल्या मातीतून त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. काउंटला आत यायला निदान 'या' म्हणावे लागत होते. हा पाहुणा न बोलावता येतो. पायांत चप्पल, शौचालयाचा वापर आणि शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी, हीच याच्यावरची खरी 'लसूण'.

गुरांचे हाल आणखी वेगळे. लाल कंधारी गायीच्या कानामागे टरारून फुगलेला गोचीड ज्या मुलांनी रोज पाहिला आहे, त्यांना रक्त पिणारा प्राणी कसा दिसतो हे आम्ही काय शिकवणार? मादी गोचीड रक्त पिऊन आपल्या मूळ वजनाच्या शंभरपट फुगू शकते आणि गुरांना ताप आणणारे परोपजीवही पसरवते. तरी या मुलांच्या मनातल्या 'रक्तपिपासू' शब्दाशी गोचिडाचे चित्र कधी जोडलेच गेले नव्हते.

वर्गात काय करता येईल?

आम्ही जे केले त्यातील तीन उपक्रम कोणत्याही शाळेत जमतील.

एक: मुलांनी आपल्या घरातील पाण्याच्या प्रत्येक भांड्याची नोंद करावी. किती दिवसांपासून भरलेले आहे, झाकण आहे का, अळ्या आहेत का. आठवड्याने भांडी घासून पुन्हा नोंद घ्यावी. दोन तक्ते शेजारी लावले की निष्कर्ष मुलेच काढतात. मोठी टाकी रिकामी करता येत नसेल तर कापडाने घट्ट झाकावी किंवा तीत गप्पी मासे सोडावेत.

दोन: संध्याकाळी एका ठरावीक जागी उभे राहून अर्ध्या तासात किती वाघळे बाहेर पडतात ते लांबून मोजावे. महिन्यातून एकदा, वर्षभर. हात लावायचा नाही, दिवे मारायचे नाहीत.

तीन: दुपटीचा हिशेब स्वतःच्या गावाच्या लोकसंख्येवर करावा. मग दर तीन माणसांतील एक 'लसूण खाल्लेला' आहे असे धरून पुन्हा करावा.

आणि गोष्ट मात्र अवश्य सांगावी. विज्ञानाच्या तासाला भुताची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. आमचा अनुभव असा, की ज्या भीतीवर मूल हसू शकते, त्या भीतीला ते प्रश्न विचारू शकते. गंभीरपणे खोडलेली समजूत मनात दबून राहते. हसून उलटीपालटी केलेली समजूत हातात येते आणि तपासता येते.

शेवटी एक आठवण आपल्याच परंपरेतली. रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने १८७० मध्ये वेताळपंचविशीच्या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हाच शब्द वापरला. पण आपला वेताळ विक्रमाचे रक्त मागत नाही. झाडावर उलटा लटकलेला तो वेताळ राजाच्या पाठीवर बसतो, गोष्ट सांगतो आणि शेवटी एक अवघड प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, असेही बजावतो. शिक्षकाच्या पाठीवर रोज चाळीस-पन्नास वेताळ बसलेले असतात. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देत राहिलो की ते पुन्हा झाडावर जातात आणि दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न घेऊन येतात.

बारवेतली वाघळे अजून पुरती परतलेली नाहीत. मागच्या मोजणीत सात दिसली. मोजणी चालू आहे.